बाकीचं वाया जातं

९ फेब्रुवारी

ठमे,

आशीर्वाद नेहमीचेच, या वेळी त्यात वाढ केलेली नाही.

फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. फोन हॉलमध्ये आहे आणि हॉलमध्ये आमचे चिरंजीव आहेत. मी 'हॅलो' म्हटलं की तो टीव्हीचा आवाज कमी करतो. अशा घरात माणसाने पत्रच लिहावं.

तर मला काचबिंदू झालाय. मोतीबिंदू नव्हे, तो बिचारा काढून टाकता येतो. हा काचबिंदू. डोळ्याच्या आतलं पाणी तुंबतं, त्याचा दाब वाढतो आणि मागची नस सुकत जाते, असं डॉक्टर म्हणाले. दुखत नाही, खुपत नाही, पत्ताच लागत नाही. मला समोरचं लख्ख दिसतं, बाजूचं गेलंय. टांग्याच्या घोड्याला झापडं बांधतात ना, तसं. परवा सूनबाई शेजारी उभी होती आणि मी तिच्याबद्दलच तिच्या नवऱ्याशी बोलत होते. काय बोलत होते ते लिहीत नाही, पण त्यानंतर चहा जरा फिका यायला लागला.

गेलं ते परत येत नाही म्हणे. राहिलंय ते राखायचं, त्यासाठी थेंब दिलेत, बाटलीवरचं नाव मागे उतरवलंय. सकाळी एक, संध्याकाळी एक, दोन्ही डोळ्यांत, मरेपर्यंत.

चिरंजीवांना आयतं निमित्त मिळालं. "आई, आता पुरे. चौथा मजला, लिफ्ट नाही, त्यात डोळे असे. दुकान झेरॉक्सवाल्याला देऊन टाकू." दुकान म्हणजे तुला माहीत आहे, एक खुर्ची, एक टेबल, वरती दिवा आणि पुढे शटर. पण तुझे काका गेल्यापासून मी रोज सकाळी खाली उतरून तिथे बसते आणि लोकांच्या कोटाची, साड्यांची भोकं बुजवते. रफू केलेली जागा मलाच सापडू नये, इतकं बारीक काम अजून होतं. ते गेलं तर मी कुठे? माझ्या खोलीत. तिची खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते. हात बाहेर काढला तर भिंतीला लागतो. त्या खोलीत मी दिवस काढणार नाही, हे तुला लिहून ठेवते. चिरंजीवांना सांगितलंय, सुईत दोरा ओवता येतोय तोवर दुकान माझं. म्हणजे आता सगळी भिस्त या थेंबांवर.

तुझा बाप सगळीकडे सांगत फिरतो, "आमची पोरगी डोळ्यात औषध कसं पसरतं ते बघते." तर मलाही सांग, कसं पसरतं? मी टाकते आणि निम्मा थेंब गालावर येतो. मी शिकले असते तर तुला विचारलं नसतं, पण आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. सोपं करून लिही.

तुझी आत्या


२१ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार वाकूनच केलाय, कारण सूक्ष्मदर्शकावर ओणवं होऊन माझी पाठ आता सरळ होत नाही.

काचबिंदूचं वाचून वाईट वाटलं. पण वेळेवर कळलं, आणि थेंब नेमाने टाकलेस तर राहिलेली नजर टिकते. हे तुझं समाधान करायला लिहीत नाही, खरंच टिकते.

आता तुझा प्रश्न. माझी खोली तळघरात आहे, तिला भिंतीवर उघडणारीसुद्धा खिडकी नाही. सकाळी खाटकाकडून बर्फाच्या डब्यात बोकडाचे डोळे येतात. डोळ्याच्या समोर एक पारदर्शक पडदा असतो, घड्याळावरच्या काचेसारखा. तो मी कापून दोन काचेच्या पेल्यांच्या मध्ये बसवते. एका पेल्यात औषध, दुसऱ्यात मिठाचं पाणी. मग बघत बसायचं, पलीकडे किती गेलं. पडदा ताजा आहे तोवरच हे जमतं, म्हणून एकदा डोळे आले की मला उठता येत नाही. जेवण राहतं, फोन राहतो, लग्न राहतं.

त्या पडद्याचे तीन थर धर. बाहेरचा तेलकट, मधला पाणीदार, आतला पुन्हा तेलकट. नुसतं तेलाशी पटणारं औषध पहिल्या थरात शिरतं आणि तिथेच घुटमळतं. नुसतं पाण्याशी पटणारं दारातच उभं राहतं. सासर आणि माहेर दोन्ही सांभाळणारं असेल तेच पार होतं. पार झालं की आतल्या पाण्यात पसरतं. तुझं औषध तिथून आणखी थोडं मागे जातं, जिथे हे पाणी तयार होतं तिथे, आणि नळ बारीक करतं. पाणी कमी, तर दाब कमी. झालं तुझं काम.

पण हे सगळं जे आत पोचतं त्याचं. डोळ्यात मुळात एवढा थेंब मावतच नाही. पापण्या फडफडतात, पाणी येतं, सगळं धुऊन निघतं. शंभर भागांतले पाच आत गेले तरी आमचे सर खूश होतात. बाकीचं वाया जातं.

सरांचं म्हणशील तर ते खूश असतात तेव्हाही ओळखू येत नाही. माझा प्रबंध त्यांच्या सहीवर अडलाय आणि सही पुढच्या प्रयोगावर. तो झाला की त्याच्या पुढच्यावर. मी इथून कधी सुटेन ते बोकडालाच माहीत.

तुझी ठमी


१० मार्च

ठमे,

पंच्याण्णव भाग वाया? आणि तुम्ही शिकलेली माणसं ते बघत बसता?

मी रफूवाली बाई. भोक बुजवायला धागासुद्धा त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून काढते, बाहेरचा आणत नाही. माझ्या दुकानात बोटभर धागा केरात जात नाही. तुझं पत्र वाचल्यापासून मला गालावर आलेला थेंब पुसताना जिवावर येतं.

असो. मी माझ्यापुरता बंदोबस्त केलाय. काय ते विचारू नकोस, घरगुती आहे.

तुमचं औषध मोठं विनोदी आहे बाकी. टाकावं डोळ्यात आणि कडू लागतं घशात. चिरंजीवांना सांगितलं तर म्हणाले, "आई, तुझं बोलणं कडू आहे, ते परत आत जात असेल." बापाच्या वळणावर गेलाय. सूनबाई हसली नाही. ती माझ्या कोणत्याच विनोदाला हसत नाही. अगदी अळीमिळी गुपचिळी.

दुकान चालू आहे. एका वकिलाचा काळा कोट आलाय, खांद्यावर इस्त्रीने जाळलेला. काळ्यावर काळं म्हणजे परीक्षाच असते, पण धागे दिसतात मला. जिना मात्र हल्ली मोठा झालाय. वर येताना दुसऱ्या मजल्यावर दम खाते. तिथल्या बाई दार उघडून बोलतात, त्यामुळे एक ओळख वाढली.

सर सही देत नसतील तर त्यांचा कोट माझ्याकडे पाठव. खिसा आतून शिवून देते, पेनच निघणार नाही.

आत्या


३० मार्च

आत्या,

घाईत लिहितेय. बंदोबस्त केलास हे वाचून हायसं वाटलं. थेंब टाकून डोळे मिटून शांत पडून राहतेस ना? तोच खरा उपाय. घरगुती म्हणालीस तेव्हाच ओळखलं.

घशात कडू लागतं याची गंमत सरांना सांगितली. ते हसले नाहीत, पण म्हणाले, "तेही 'वाया'च्या रकान्यात धरा." आमच्या तक्त्यात तसा रकाना आहे, सगळ्यात शेवटचा.

इकडे नवीनच पाहिलं. डोळ्याच्या काळ्याभोर रंगात औषध अडकून बसतं. रंग त्याला धरून ठेवतो आणि मग सावकाश सोडत राहतो. सरांनी माझ्याकडे बघून तेच सांगितलं, "संयम ठेवा, सुटेल." ते औषधाबद्दल बोलत होते.

वकिलाचा कोट जमला का?

ठमी


१७ मे

ठमे,

उत्तराला उशीर झाला. कारण काही नाही. कागद होता, पेन होतं, लिहावंसं वाटत नव्हतं.

डोळ्यांचे डॉक्टर खूश आहेत. दाब इतका उतरलाय की त्यांनी शिकाऊ डॉक्टरीणबाईंना बोलावून आकडा दाखवला. म्हणाले, असे पेशंट हवेत. डोळा खूश, बाई नाखूश.

मागच्या महिन्यात दुकानातून वर येताना पहिल्याच मजल्यावर बसले ती उठवेना. छाती धडधडली असती तर समजले असते, आपण म्हाताऱ्या झालो. ती धडधडायचंच विसरल्यासारखी. हात गार पडलेले. शेवटी चिरंजीव आणि शेजारचे दोघं यांनी खुर्चीत बसवून वर आणलं, कपाट चढवतात तसं. "कोपरा सांभाळा" म्हणत होते. त्यानंतर मी खाली उतरले नाही. आधी सगळ्यांनी नको म्हटलं, मग मलाच उतरावंसं वाटेना.

आता खोलीत असते. समोरच्या भिंतीवर ओल आहे. सकाळी ओल बघते, दुपारी ओल बघते. सूनबाईने वकिलाचा कोट वर आणून दिला. उभे धागे धरले आणि आडवे कसे घालायचे तेच सुचेना. कोट मांडीवर घेऊन बसले. कंटाळा नाही गं हा. कंटाळ्यालासुद्धा जोर लागतो. माणसं येतात, बोलतात, मी पाण्याच्या तळाशी बसून बघितल्यासारखी त्यांच्याकडे बघते.

झेरॉक्सवाला दुकान बघून गेला. चिरंजीवांनी विचारलं, "देऊ ना मग?" मी म्हटलं, "दे." इतक्या सहज म्हटलं की तोच दचकला. मग चावी मागितली, ती दिली. वाईट वाटलं नाही. वाटलं नाही याचं मात्र थोडं वाटलं, तेही संध्याकाळपर्यंतच.

मी अडकलेय ठमे. खोलीत अडकले असते तर दार वाजवलं असतं. मी माझ्यातच अडकलेय आणि वाजवायला दार कुठे आहे ते कळत नाही.

थेंब मात्र चुकवत नाही. तेवढं एक काम धडपणे होतं.

तुझ्या बापाला यातलं काही कळवू नकोस. तो रडेल आणि मला त्याचं रडणं ऐकायला लागेल.

आत्या


३१ मे

आत्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. ही तू नाहीस. दुकानाची चावी तू दिलीस यावर माझा विश्वासच बसत नाही.

पण असं खचून कसं चालेल? डोळ्यांचं एवढं छान चाललंय, दाब उतरलाय, मग मन खंबीर करायला नको का? रोज एकच मजला उतर. पुढच्या आठवड्यात दोन. सवय मोडली की जिना मोठा वाटतोच. आणि कोट संपव, हातात काम असलं की मन ताळ्यावर येतं. तूच मला हे सांगायचीस.

मी आले असते. पण सरांनी प्रयोगांची नवी मालिका लावली आहे, मध्ये सोडली तर सगळं पहिल्यापासून. इकडे आड तिकडे विहीर झालंय. पावसाळा संपेपर्यंत सुटका दिसत नाही. रागावू नकोस.

उत्तर पाठव, दोन ओळी तरी.

ठमी


२६ जून

ताई,

नमस्कार. मी तुम्हाला याआधी कधी लिहिलेलं नाही, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. हे पत्र आईंना माहीत नाही आणि ह्यांनाही माहीत नाही.

आई परवा बाथरूममध्ये पडल्या. लागलं नाही फार, कपाळाला टेंगूळ आहे. चक्कर आली म्हणाल्या. गल्लीतले डॉक्टर आले, त्यांनी नाडी धरली, सोडली, परत धरली, मग स्वतःचं घड्याळ कानाला लावून बघितलं. म्हणाले नाडी फार हळू चालतेय, वयाने होतं, पण मोठ्या दवाखान्यात दाखवा. आई म्हणतात मी आता कुठे जात नाही. हे म्हणतात तिची इच्छा नाही तर कशाला ओढाताण.

ताई, मला एक सांगायचंय आणि भीती वाटते. आई थेंब बाथरूमचं दार लावून टाकतात. महिन्याची बाटली आठवड्यात संपते. नवीन बाटली मीच आणून देते, ह्यांना न सांगता. आईंनी मला शपथ घातली होती. मी विचारलं होतं इतकं कशाला, तर म्हणाल्या, ठमी शिकलेली आहे, तिनेच लिहिलंय की पंच्याण्णव भाग वाया जातात, मग ते भरून काढायला नको का. तुमचं पत्रही वाचून दाखवलं. मला पटलं. मी पण थेंबाने थेंब वाचवणारीच आहे.

सगळ्यांना वाटतं आमचं दोघींचं पटत नाही. आईंनाही तसंच दाखवायला आवडतं. पण दुपारी हे नसताना त्या मला रफू शिकवायच्या. माझा टाका दिसला की म्हणायच्या, "हे भोक बुजवलंस की कुंकू लावलंस?" आता सुई धरत नाहीत. मला काही बोलतसुद्धा नाहीत, रागावतसुद्धा नाहीत. ते मला बघवत नाही.

म्हणून तुम्हाला विचारते. जे वाया जातं, ते जातं कुठे?

तुमची वहिनी


१ जुलै

वहिनी,

फोनवर मी ओरडले, ते तुमच्यावर नव्हतं. तुम्ही म्हणालात लिहून द्या, डॉक्टरांना दाखवते. म्हणून लिहितेय, आणि आजच्या आज माणसाबरोबर पाठवतेय.

डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात, पापणीच्या कडेला बारीक भोक असतं. तिथून डोळ्यातलं पाणी नाकात उतरतं. रडताना नाक वाहतं ते त्यामुळेच. थेंबसुद्धा तिथूनच उतरतो. नाकाच्या आतली ओली कातडी तो शोषून घेते आणि रक्तात सोडते. पोटात घेतलेली गोळी आधी यकृतातून जाते, तिथे तिचा जोर बराच मोडतो. या थेंबाच्या वाटेत यकृत येत नाही, तो आहे त्या जोरात हृदयाशी पोचतो. आणि आत्याचं औषध असं आहे की डोळ्यात ते पाण्याचा नळ बारीक करतं आणि हृदयात पोचलं की ठोके हळू करतं. हातपाय गार पडतात, दम लागतो, चक्कर येते, मन उतरतं. ठरल्या मापात टाकलं तरी कोणाकोणाला होतं. ती किती टाकत होती देव जाणे. दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला, तसं झालं.

स्वतःच्या मनाने थेंब एकदम बंद करू नका, डोळ्याचा दाब चढेल. आजच दोन्ही डॉक्टरांकडे न्या. किती बाटल्या संपल्या ते खरं सांगा, तिला ओशाळं वाटलं तरी सांगा. पुढे जे औषध देतील ते एकच थेंब टाकायचं, डोळा मिटायचा आणि नाकाकडचा तो कोपरा बोटाने दाबून धरायचा, म्हणजे वाट बंद.

तिने मला लिहिलं होतं, घशात कडू लागतं. मी त्यावर विनोद केला. मला ती वाट माहीत नव्हती असं नाही वहिनी, परीक्षेत तिची आकृती काढून मी पैकीच्या पैकी मिळवलेत. पण इथे माझ्या पेल्यातल्या डोळ्याला नाक नसतं. त्याच्या मागे माणूस नसतो. जे सांडतं ते आम्ही फडक्याने पुसतो आणि 'वाया' असं लिहितो. तेच मी तिला लिहिलं. घाईत लिहितेय, अक्षर लागत नसेल तर डॉक्टरांना म्हणावं फोन करा.

मीही मागोमाग निघतेय. सरांना सांगितलं. ते म्हणाले, सगळी मालिका बुडेल. बुडू दे म्हटलं.

ठमी


२६ जुलै

ठमे,

तू परत गेल्यावर घर मोठं वाटतंय. दवाखान्यात माझ्या उशाशी बसून तू जेवढी रडलीस, तेवढं तुझं नाक वाहिलं. आता मला त्यातलं शास्त्र कळतं.

थेंब बदललेत, तुला माहीतच आहे. नवीन थेंब एकदाच टाकायचा असतो. सूनबाई समोर उभी राहून टाकून घेते आणि माझं बोट कोपऱ्यावर आहे की नाही बघते. नाडी पळायला लागलीये. हात गरम असतात. आणि सांगू, सगळ्यात आधी काय परत आलं? राग. एका सकाळी ती समोरची भिंत बघितली आणि असा संताप आला की मी उठून खिडकी धाडकन लावली. कित्येक महिन्यांनी आपलं माणूस भेटावं तसं वाटलं.

मग चिरंजीवांना म्हटलं, दुकानाची चावी आण. तर म्हणाला, "आई, झेरॉक्सवाल्याला शब्द दिलाय. बारा तारखेला कागद होणार. तूच 'दे' म्हणालीस." मी म्हटलं, ती मी नव्हते, ते थेंब बोलत होते. तर म्हणतो, "तू शुद्धीत होतीस. तुला चांगलं दिसत होतं, चांगलं ऐकू येत होतं. आता डोळे बरे आहेत असं वाटून परत जिना चढायला लागशील आणि कुठेतरी पडशील." तो वाईट नाही गं. त्याने मला बाथरूमच्या फरशीवर बघितलंय. तो घाबरलाय, आणि घाबरलेला माणूस कुलूप लावतो.

तू एक कर. तुझ्या संस्थेच्या कागदावर लिहून दे, की औषधाने ही बाई तशी झाली होती आणि तिचा होकार तिचा नव्हता. मी तो कागद त्याच्या पुढ्यात टाकते.

आत्या


३ ऑगस्ट

आत्या,

रागाला माझा नमस्कार सांग.

तू मागितलेला कागद मी देऊ शकत नाही. औषध मन उतरवतं, हे लिहून देते, सही करून देते. पण ते 'दे' औषधाचंच होतं, असं कसं लिहू? त्यात किती भाग थेंब, किती थकवा, किती त्या खुर्चीतून वर येण्याची लाज, हे वेगळं काढणारा पेला माझ्याकडे नाही. मी एकदा तुला न बघता एक वाक्य लिहिलं आणि तू ते डोळ्यात घातलंस. आता खात्री नसलेलं एक अक्षरही तुला पाठवणार नाही, तू कितीही रागावलीस तरी.

आणि समजा ते थेंबांचं होतं असं सिद्ध झालं, तरी त्याने दुकान तुला हवंय असं ठरत नाही. ते आज तुलाच ठरवायचंय. आज दादाने विचारलं तर काय म्हणशील?

सरांनी परत घेतलंय, मालिका पहिल्यापासून. तक्त्यातला शेवटचा रकाना मी खोडला आणि तिथे 'शरीरात' असं लिहिलं. सरांनी ते मोठ्याने वाचलं. मग म्हणाले, "हे मोजायचं कसं?" मी म्हटलं, माहीत नाही, पण मोजायला लागेल. म्हणजे सुटका आणखी लांबली.

ठमी


१२ ऑगस्ट

ठमे,

हे पत्र दुकानातून लिहितेय. शटर आतून लावलंय.

तुझ्या पत्राचा पहिल्यांदा राग आला. एवढी शिकलीस आणि आत्याला एक कागद देववत नाही. मग दोन दिवस तुझा प्रश्न डोक्यात फिरत राहिला. खरं सांगते, ते 'दे' थोडं माझंही होतं. दमले होते मी. तुझे काका गेल्यापासून दमलेच होते, कोणाला सांगितलं नव्हतं. थेंबांनी आयता निरोप पोचवला. पण आज विचारलं तर? आज कोणी विचारतच नाही, सगळे 'थेंब टाकलास का' एवढंच विचारतात.

आज सकाळी चिरंजीव झेरॉक्सवाल्याला आणायला गेले. खुंटीवर चावी होती. सूनबाई स्वयंपाकघरात होती. तिने मला चपला घालताना बघितलं आणि तोंड फिरवून भांडी घासायला लागली, घासलेलीच. मी उतरले. बाजूचं दिसत नाही म्हणून भिंतीवर हात ठेवून, प्रत्येक मजल्यावर थांबत. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडलं, त्यांना म्हटलं, आज बोलायला वेळ नाही. शटर कसं उघडलं म्हणशील, तर समोरच्या पानवाल्याने उघडून दिलं. धूळ बोटभर. खुर्ची तशीच. मी आत गेले, शटरला लोंबकळले, ते वजनाने खाली आलं, आणि कडी घातली.

आता बाहेर गर्दी आहे. चिरंजीव म्हणताहेत, "आई, तमाशा करू नकोस." मी म्हटलं, तमाशा शटरच्या बाहेर चाललाय, आत तर काम चालू आहे. खरंच चालू आहे. वकिलाचा कोट इथेच सापडला, पिशवीत. सूनबाईने केव्हा खाली आणून ठेवला कोण जाणे, खांद्यावर तिने अर्धा रफूही केलाय. टाका दिसतो, पण वाईट नाही. उरलेला मी करतेय. आडवे धागे सुचताहेत.

झेरॉक्सवाला भला माणूस निघाला. शटरला तोंड लावून म्हणाला, "मावशी, मला दोन गल्ल्या सोडून दुसरी जागा मिळतेय. तुम्ही दोघं आधी ठरवा." चिरंजीव त्याच्यावर खेकसले. मग सूनबाईचा आवाज आला. लग्न झाल्यापासून मी तिला नवऱ्यासमोर मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. म्हणाली, "त्यांना काय हवंय ते एकदा विचारा तरी. आपण नुसतं 'देऊ ना' विचारलं होतं."

मग तो म्हणाला, "आई, तुला काय हवंय?"

मी म्हटलं, "दुकान. पडले तर इथे पडेन. वर पडले तेव्हा कोणाला लगेच कळलंसुद्धा नाही, इथे निदान पानवाला बघतो."

मी शटर उघडायला उठले आणि फजिती झाली. ते खाली आलं वजनाने, वर जाईना. गंजलंय आणि माझ्यात तेवढा जोर अजून आलेला नाही. कडी काढून दोन्ही हातांनी ओढलं, वीतभर सरकलं आणि अडकलं. म्हणजे मी पुन्हा अडकले, या वेळी स्वतःच्या हाताने. हसू आलं ठमे, एकटीच हसत बसले. घाबरले मात्र नाही. फटीतून त्याच्या चपला दिसताहेत. बोटंही आली शटरखाली.

मी म्हटलं, "थांब. आधी हो म्हण, मग हात लाव."

बोटं तशीच राहिली. पत्र तोवर पुढे लिहावं म्हणून पुन्हा खुर्चीत बसले, ते इथवर आलं. आत्ता तो म्हणाला, "हो."

"शुद्धीत आहेस ना?" मी विचारलं.

"आहे गं आई."

"मग लाव हात."